विल की शॅल, आणि लिफ्टचा खर्च

पावसाळ्यात वडोदऱ्यातल्या आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीचा आकडा तीन लाखांच्या घरात गेला. कमिटीची मीटिंग झाली आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली. ती इंग्रजीत होती, कारण चोवीस बिऱ्हाडांत निम्मी गुजराती, सात मराठी, बाकी सिंधी आणि मलयाळी. तिचं शेवटचं वाक्य होतं, 'वुई विल बेअर द कॉस्ट.' त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर जुंपली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी लिहिलं, प्रथमपुरुषाला 'शॅल' लागला तर नुसता भविष्यकाळ, 'विल' लागला तर वचन. म्हणजे कमिटीनं वचनच दिलंय, आता पैसे तिनंच भरावेत. पहिल्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलानं उत्तर दिलं की हा नियम खुद्द इंग्लंडात कोणी पाळत नाही, 'डिफरन्स बिटवीन'चं, म्हणजे शब्दांच्या जोड्यांतले फरक घोकायचं हे खूळ गोऱ्यांबरोबरच बोटीत बसायला हवं होतं, अर्थ पोचला की झालं. दोन दिवस ग्रुपवर तट पडले. मुलांना या जोड्या शिकवाव्यात की नाही, इथपर्यंत वाद गेला.

आणि अर्थ? तो कोणालाच पोचला नव्हता. घोडं पेंड खात होतं ते 'वुई'पाशी. हे 'वुई' म्हणजे कमिटीचे पाच जण, की चोवीसही बिऱ्हाडं? मराठीत लिहायला बसलं असतं तर 'आम्ही' की 'आपण' हे पहिल्याच शब्दाला ठरवावं लागलं असतं. गुजरातीतही 'अमे' आणि 'आपणे' वेगळे आहेत. इंग्रजीत ही सोयच नाही. ज्या एका शब्दावर तीन लाख रुपये लोंबकळत होते, त्याकडे दोन्ही पक्षांपैकी कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

इंग्रजी शब्दांच्या जोड्यांवर आपल्याकडे जे वाद होतात, ते बहुतेक असेच चुकीच्या शब्दाशी कुस्ती खेळत असतात. माझं म्हणणं सरळ आहे. फरक चुकला तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार, दोष कोणाच्या माथी येणार, कोण कोणाला बांधील राहणार हे बदलतं का? बदलत असेल तर तो फरक अर्थाचा आहे, आणि तो मुलांना शिकवलाच पाहिजे. चुकल्यावर ऐकणाऱ्यानं फक्त नाक मुरडायचं असेल, तर तो पंगतीतल्या रीतीभातीसारखा आहे. ठाऊक असावा, पण त्यासाठी कोणाला पंगतीतून उठवू नये. बाई दोन्ही एकाच छडीनं शिकवतात, तो मुलगा दोन्ही एकाच टोपलीत टाकून देतो.

आधी त्या मुलाचं बरोबर आहे ते पदरात घालू. 'शॅल' आणि 'विल'चा नियम जॉन वॉलिस या गणितज्ञानं १६५३ साली मांडला, इंग्रजीच्या व्याकरणात, पण ते व्याकरण लिहिलेलं लॅटिनमध्ये. सामान्य इंग्रज माणूस तो नियम विचारून बोलत नव्हता. 'लेस' आणि 'फ्यूअर'ची कथा आणखी गमतीची. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थानं लिहून ठेवलं की शंभर जणांबद्दल बोलताना 'नो लेस दॅन'पेक्षा 'नो फ्यूअर दॅन' आपल्याला अधिक डौलदार आणि काटेकोर वाटतं. त्याला वाटलं, एवढंच. त्याआधी जवळजवळ नऊशे वर्षं, राजा आल्फ्रेडच्या काळापासून, इंग्रज मोजायच्या वस्तूंनाही 'लेस' लावत आले होते. पुढच्यांनी बेकरच्या आवडीचा कायदा केला आणि त्यावर आमच्या पिढीचे मार्क कापले. आपण 'दूध कमी आलं' म्हणतो आणि 'माणसं कमी आली' असंही म्हणतो. त्यामुळे कधी कोणी माणसं लिटरनं मोजली आहेत का?

दुसरीही गोष्ट मान्य करायला हवी. फरक बुजला की व्यवहार कोसळतो, हे खरं नाही. 'बॉरो' आणि 'लेंड' यांची गल्लत केली म्हणून वर्गात ज्यांनी बोलणी खाल्ली, त्यांनी 'रेंट' या शब्दाकडे पाहावं. 'आय रेंटेड अ हाउस' म्हणणाऱ्यानं घर भाड्यानं घेतलं की दिलं? दोन्ही अर्थ होतात. आपण निदान 'घेतलं' किंवा 'दिलं' म्हणतो. इंग्रज पुढचंमागचं वाक्य पाहून समजून घेतो आणि त्याचं काही अडत नाही. संदर्भ सांभाळून घेतो, हा त्या मुलाचा मुद्दा म्हणूनच वजनदार आहे.

पण संदर्भ समोरासमोर असतो. कागदाची घडी घालून तो पाकिटात टाकला की संदर्भ घरीच राहतो. मी गेली वीसेक वर्षं गुजराती आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं करून देतो. जन्माचे दाखले, सोगंदनामे म्हणजे प्रतिज्ञापत्रं, आणि मुलं परदेशी निघाली की पैसे कुठून आणले त्याचे कागद. एकदा एका मुलीच्या मामांचं पत्र आलं, मराठीत : भाचीच्या फीसाठी पन्नास हजार हातउसने दिले आहेत. मी बेधडक 'लोन' लिहून मोकळा झालो. आठवड्यानं प्रश्नावली परत आली. व्याजाचा दर काय? मुदत किती? तारण काय? मामा बिचारे हबकले. 'अहो, बहिणीकडून कोणी व्याज घेतं का?' चूक माझी होती. मराठीत दुकानदाराकडून आणली ती उधारी, पतपेढीतून काढलं ते कर्ज, सोनं ठेवून आणलं ते गहाणवट, आणि बिनव्याजी, बिनकागदाचे, 'जमेल तसे दे' म्हणून दिले ते हातउसने. चार शब्दांत चार नाती आहेत. त्यांतलं सगळ्यात मऊ नातं मी सगळ्यात कोरड्या शब्दात कोंबलं होतं. दुरुस्तीच्या वेळी 'हँड लोन' लिहिलं आणि खाली एका ओळीत खुलासा केला. 'हँड लोन' इंग्लंडातल्या माणसाला चटकन कळायचा नाही. तो आपल्या देशात, आपल्या गरजेतून घडलेला शब्द आहे. मला तो फार आवडतो.

इंग्रजांनाही अशी गरज पडली की ते हात पसरतात. १८६० च्या दंडसंहितेत 'थेफ्ट' होता, 'रॉबरी' होता, म्हणजे आपली चोरी आणि जबरी चोरी. पण पाच किंवा अधिक जणांनी मिळून घातलेला दरोडा निराळा मोजायचा होता. त्यासाठी त्यांनी इथलाच शब्द उचलला आणि कलम ३९१ मध्ये 'डेकॉइटी' बसवला. चोरीला गेलेली वस्तू तीच असेल, पण शिक्षा वेगळी. 'अर्थ पोचला की झालं' असं तिथे कोणी म्हणेल का?

एका क्रियापदानं काय होतं, त्याचा याहून मोठा दाखला आफ्रिकेत आहे. १८८९ साली इथिओपियाचा सम्राट मेनेलिक दुसरा आणि इटली यांच्यात वुचाले इथे तह झाला. प्रती दोन, एक अम्हारिक भाषेत, एक इटालियनमध्ये. सतरावं कलम परराष्ट्रव्यवहाराचं. अम्हारिक प्रतीप्रमाणे इतर देशांशी बोलताना मेनेलिकला वाटलं तर त्यानं इटलीची मदत घ्यावी. इटालियन प्रतीप्रमाणे त्यानं ती घेतलीच पाहिजे. 'मे' आणि 'मस्ट' यांच्यामधलं हे अंतर. इटलीनं त्यावर उभं राहून सगळा देश आपल्या संरक्षणाखाली आल्याचं युरोपला कळवून टाकलं. मेनेलिकनं तह झुगारला, आणि १ मार्च १८९६ रोजी अडवा या गावापाशी इटलीच्या फौजेचा धुव्वा उडाला. फक्त भाषांतरामुळे लढाई झाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल; इटलीला राज्य हवंच होतं. पण हावरेपणाला बसायला पाट लागतो, आणि तो पाट एका क्रियापदानं मांडला.

आपल्या घरचं उदाहरण याहून नाजूक आहे, आणि त्यात वडोदऱ्याचा एक धागा आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये इथे नोकरीला आले तेव्हा या शहरानं त्यांना राहायला खोली दिली नाही; त्या आठवणीची संकल्पभूमी कमाटीबागेशी आहे. बत्तीस वर्षांनी, २४ मे १९४९ रोजी, ते संविधान सभेत दोन इंग्रजी शब्दांमधल्या फटीत उभे होते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांच्या 'कन्सल्टेशन'नं नेमायचे की 'कन्करन्स'नं? सल्ला घ्यायचा की संमती? काही सभासदांना संमती हवी होती. आंबेडकरांनी नकार दिला. सरन्यायाधीशही माणूसच आहे, त्याच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं, असा त्यांचा रोख होता. 'कन्सल्टेशन' राहिलं. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सल्ला म्हणजे संमती नव्हे. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं ते फिरवलं आणि सरन्यायाधीशांचं, ज्येष्ठ सहकाऱ्यांना घेऊन बनवलेलं मत वरचढ ठरवलं. आजची कॉलेजियमची, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची, सगळी पद्धत त्या एका शब्दाच्या वाचनावर उभी आहे.

इथे तो पहिल्या मजल्यावरचा मुलगा मला पकडू शकतो. म्हणेल, बघा, शब्द तोच राहिला आणि अर्थ फिरला, मग फरक पक्का कुठे राहिला? रास्त आहे. फरक दगडावरची रेघ नसतो. पण तो फिरवायला शेकडो पानांचा युक्तिवाद लागला. 'दोन्ही एकच, सोडा' असं म्हणून तो कोणी फिरवला नाही. आणि मला त्यातली गंमत मराठीत दिसते. आपल्याकडे 'विचारणं' या एका शब्दात सल्ला आणि परवानगी दोन्ही नांदतात. 'आईला विचारून आलास का?' असं शेजारच्या काकू विचारतात, तेव्हा 'हो, विचारलं. ती नको म्हणाली, तरी आलो' असं उत्तर देणारं पोर धपाटा खातं. कारण विचारणं म्हणजे ऐकणंही आलं. पण त्याच घरात 'जावयाला विचारून घ्या हं, जेवायला थांबणार का', यात परवानगी वगैरे काही नसते. कोण कोणाला विचारतंय त्यावर अर्थ ठरतो. १९९३ चा निकाल पहिल्या 'विचारण्या'सारखा आहे, १९८१ चा दुसऱ्यासारखा. कायद्याच्या विद्यार्थ्याला 'कन्सल्टेशन' आणि 'कन्करन्स'च्या व्याख्या पाठ करायला लावण्याआधी कोणी या दोन वाक्यांवर बोलायला लावतं का?

विरोधी पक्षाचं सगळ्यात टोचणारं म्हणणं वेगळंच आहे, आणि ते मला हसण्यावारी नेता येत नाही : हे फरक म्हणजे गरीबाला दारातून परत पाठवायची युक्ती. मी मराठी माध्यमातला. बावीस वर्षांचा असताना एका मुलाखतीत मी म्हणालो, 'आय हॅव अ डाउट, सर.' समोरच्या तिघांपैकी एक हसला आणि म्हणाला, 'ऑन अस?' मला काही कळलं नाही. घरी येईपर्यंत कानाच्या पाळ्या तापलेल्या होत्या. पुढे कळलं की त्यांच्या इंग्रजीत 'डाउट' म्हणजे अविश्वास. आपण 'शंका विचारतो' आणि 'शंका घेतो'ही. पहिली विद्यार्थ्याची, दुसरी पोलिसाची. माझी पहिली होती, त्यांनी दुसरी ऐकली. किंवा पहिलीच ऐकली आणि दुसरीचं सोंग केलं, कारण भारतात राहून 'डाउट'चा शाळेतला अर्थ माहीत नसणारा माणूस मला अजून भेटायचाय.

म्हणजे फरकाचा काठीसारखा वापर होतो, हे मी पाठीवर अनुभवलंय. पण त्यावरचा इलाज काठी लपवणं हा आहे का? 'शिकवू नका' म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं ते फरक घरीच, जेवणाच्या टेबलावर उचलतात. शाळेनं शिकवायचं सोडलं की ज्यांच्या घरी ते टेबल नाही त्यांचंच नुकसान. मला कोणी 'शंका विचारणं' आणि 'शंका घेणं' अशी जोडी दाखवून सांगितलं असतं, की इंग्रजीत पहिलीला 'क्वेश्चन' म्हण, तर पाच मिनिटांचं काम होतं. माझ्या भाचीला मी ते सांगितलंय. परदेशी ग्राहकाला 'आय हॅव अ डाउट ऑन युअर रिपोर्ट' असं लिहून ती बोटं भाजून घेणार होती.

आता बाईंच्या पक्षाकडे. त्यांचा आग्रह खरा, पण शिकवण्याची तऱ्हा अशी की फरक शिकवता शिकवता पुसला जातो. अलकापुरीतल्या कुठल्याही इंग्रजीच्या क्लासचं छापील पुस्तक उघडा. 'हिस्टॉरिक' म्हणजे ऐतिहासिक, 'हिस्टॉरिकल' म्हणजेही ऐतिहासिक. 'शेड' म्हणजे सावली, 'शॅडो' म्हणजे सावली. मग पोरांनी काय करायचं? पाठ करायचं आणि परीक्षेनंतर विसरायचं. 'सी, लुक, वॉच'ला तर पाहणे, बघणे, निरखणे अशी तीन लेबलं चिकटवलेली असतात. पाहणे आणि बघणे यांत मराठी माणसाला जो फरक वाटतो, त्याचा 'सी' आणि 'लुक'शी सुतराम संबंध नाही. खरी जोडी शेजारीच पडलीय : मला दिसलं आणि मी बघितलं. दिसण्यात माझं कर्तृत्व नाही, म्हणून मराठी मला कर्त्याच्या जागेवरून उठवून 'मला' करून टाकते. बघण्यात माझी मर्जी आहे. ऐकू येणं आणि ऐकणं यांचंही तसंच. 'हिअर' आणि 'लिसन' तिथे चपखल बसतात. सिनेमाच्या बाबतीत इंग्रजी 'सी'सुद्धा म्हणते, तेवढा अपवाद सांगावा लागतो. पण नव्वद टक्के काम मराठीच्या व्याकरणानं आधीच करून ठेवलंय आणि आपण ते वर्गाबाहेर चपलांशेजारी ठेवून आत जातो.

ज्या मुलाला काच फुटते, दोरी तुटते, खुर्ची मोडते आणि धोतर फाटतं हे कोणी न शिकवता कळतं, त्याला बारीक फरक झेपत नाहीत असं कोण म्हणेल? पहिल्या तिन्हींना इंग्रजी एकट्या 'ब्रेक'वर भागवते. इंग्रज मुलाला मराठी शिकवायला बसलो तर त्याला घाम फुटेल. (घाम 'फुटतो', हे त्याला कसं समजवायचं ते देव जाणे.) साडी नेसतात, सदरा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, कुंकू लावतात, तिथे एक 'वेअर'. आपली मुलं रोज असले शंभर फरक सहज करतात. त्या अंगभूत कसबाला इंग्रजीच्या तासाला बोलवायचं, एवढंच करायचं आहे.

वडोदऱ्याला हे नवं नाही. १९३१ साली इथून 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, फारसी अशा भाषांतले पर्याय मांडलेला तो कोश. त्याआधी अडीचशे वर्षं शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. दोन्हींकडे आपण अभिमानानं पाहतो, भाषणात नावं घेतो, उघडत मात्र नाही. पण अनेक भाषा शेजारी शेजारी मांडल्या की एक गोष्ट आपोआप उघडी पडते : कुठे एकीचे दोन शब्द दुसरीच्या एका शब्दात मावतात आणि कुठे उलट होतं. इथल्या शाळांमध्ये एका बाकावर गुजराती, मराठी आणि हिंदी बोलणारी मुलं बसतात. 'यातायात' म्हटल्यावर हिंदीवाल्याला रहदारी आठवते आणि मराठी आजीला आयुष्यभराची दगदग. एवढं भांडवल वर्गात बसलेलं असताना मास्तर गाइड उघडतात.

भाषांतर तर हातातला फोनच करून देतो, असंही आता म्हणतात. देतो, आणि चांगलं देतो. पण 'वुई'चं मराठी करताना तो थांबून विचारत नाही की 'आम्ही' लिहू की 'आपण'. एक निवडतो आणि पुढे जातो.

लिफ्टचं सांगायचं राहिलं. अखेर सेक्रेटरी माझ्याकडे आले. खर्च चोवीसही घरांनी वाटून घ्यायचा असं मीटिंगमध्ये ठरलं होतं म्हणे. मी म्हटलं, इंग्रजी ओळ असू द्या, खाली गुजरातीत आणि मराठीत लिहू, वादच उरणार नाही. मोठ्या ऐटीत मी फळ्यावर लिहिलं, 'हा खर्च आपण करायचा आहे.' संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत खाली उतरले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ओळ दोनदा वाचली, आणि मला दाराबाहेर बोलावलं.

'काय हो, आपण करायचा म्हणजे? मी करायचा?'

त्यांना कोणी आदरानं 'तुम्ही'च्या जागी 'आपण' म्हटलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खडू घेऊन खाली गेलो आणि 'आपण' पुसून लिहिलं, 'आपण सगळ्यांनी मिळून.'